पाचशे ग्रॅमचा खटका

आमच्या घरात सकाळचा चहा कुणाला तरी नावं ठेवल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं तराजू-वजनं दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर आजोबांनी रंगवून घेतलेलं 'आणि कंपनी' तसंच होतं. कंपनी म्हणजे बाबा, एक स्टूल आणि लाकडी पेटीतली पितळी वजनं. बाबांकडे सरकारी परवाना होता. बाजारातले दुकानदार वर्षातून एकदा आपापले काटे घेऊन यायचे, आणि बाबा त्यांच्या दांड्या, साखळ्या, पारडी नीट करून शिक्क्यासाठी पाठवायचे. गिऱ्हाईक समोर असेपर्यंत चेहरा कोरा. ते पायरी उतरलं की आत ओरडायचे, "पाहिलं काय वैजूची आई? पारड्याच्या बुडाले मेण लावलं होतं त्यानं. आणि कपाळाले टिळा एवढा मोठा!" आई तव्यावर तांदळाचा चिला पसरवत "हव, हव" म्हणायची. तिचं माहेर वर्ध्याचं. चिला हा पदार्थ ती रायपुरात येऊन शिकली होती, रोज करायची आणि रोज त्याला नाक मुरडायची. शेजारणीने उन्हात वाळवलेल्या तिळाच्या बिजोऱ्या, मावशीचा जावई, इथली हवा, इथलं पाणी, काही म्हणून तिच्या पसंतीला उतरत नसे. मी त्या दोघांची एकुलती एक मुलगी. दुसरं काही दिलं नसेल, पण नाक वर करून बघायची कला दोघांनी मला भरभरून दिली.

लहानपणी बाबा मला गोल बाजारात घेऊन जायचे ते भाजीसाठी नव्हे, शिकवणीसाठी. हातातल्या तराजूने तोलणारा माणूस पारडं उचलताना उरलेली बोटं कुठे ठेवतो, ते बघायचं. काही जण दांडीला अंगठा लावायचे, ते कच्चे. पक्का माणूस पारड्याखाली करंगळी नेऊन केसभर आधार द्यायचा, इतका हळू की समोरच्याला वाटावं बिचारा पारडं सांभाळतोय. मला ती करंगळी दिसली की बाबांच्या कानात नुसतं "बाबा, करंगळी" म्हणायचं. मग बाबा त्या माणसाकडे असे बघायचे की तो निमूटपणे पुन्हा तोलायचा, आणि मला परत येताना रेवडी मिळायची. सात-आठ वर्षांची असताना मी बाजारातल्या निम्म्या लोकांना चोर समजत होते आणि उरलेले अजून सापडले नाहीत असं धरून चालत होते. माणसं ओळखायची ही रीत चांगली की वाईट, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला, पण तेव्हा मला फक्त रेवडी दिसायची.

मी बारावीत असताना भोपाळपासून तोडून नवं राज्य झालं आणि आमचं गाव त्याची राजधानी झालं. म्हणजे एका सकाळी उठलो तर आम्ही राजधानीत राहत होतो. गटारं तीच, डास तेच, पण किराणा दुकान राजधानी किराणा झालं, न्हाव्याचं राजधानी सलून झालं, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणाऱ्यानेही पुठ्ठ्यावर 'राजधानी' लिहून टाकलं. भोपाळहून साहेब लोक ट्रकभर सामान आणि कुत्री घेऊन उतरले. लाल दिव्याच्या गाड्या अशा रस्त्यांवरून धावू लागल्या, ज्यांच्यावरून आमची सायकल जाताना कण्हायची. कुणीतरी बाबांनाही पाटी बदलायचा सल्ला दिला. बाबा म्हणाले, "राजधानी झाली म्हणून किलो काय बाराशे ग्रॅमचा झाला?" आज मी नव्या रायपुरात नोकरी करते. सहा गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढ्या रुंद रस्त्यावर तासभर एका बसची वाट बघते, आणि बाबांचं ते वाक्य मला रोज एकदा तरी आठवतं.

राजधानी झाली म्हणजे राज्याचा वेगळा संघ आला. प्रत्येक खेळाचा. ज्या खेळात भोपाळच्या निवडीला जाऊन आमची पोरं हात हलवत परत यायची, त्यात आता इथल्या इथे राज्याचा डगला मिळणार होता. मी एनसीसीत रायफल चालवायला शिकले होते. शिबिरात एका निवृत्त सुभेदारांनी माझा निशाणा बघितला आणि विमानतळाच्या रस्त्याला असलेल्या क्लबच्या रेंजवर यायला सांगितलं. रेंज म्हणजे मातीचा बंधारा, पत्र्याची लांबलचक शेड आणि कडुनिंबाखाली एक माठ. तिथे मी दोन वर्षं पालथी पडून पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडल्या. मला तो खेळ मनापासून आवडायचा, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचं, पत्र्यावर कावळ्याची पावलं वाजत असायची, आणि कागदाचा काळा ठिपका हळूहळू स्थिर व्हायचा. तेवढा वेळ मी कुणालाही नावं ठेवत नसे. राज्याच्या पहिल्या संघात माझ्या वयाच्या मुलींसाठी एकच जागा होती, आणि ती मला हवी होती. दुसरं काही मला त्या वयात इतकं हवं होतं असं आठवत नाही.

क्लबची जी जुनी रायफल माझ्या वाट्याला आली होती, तिचा ट्रिगर बैलगाडीच्या ब्रेकसारखा होता. बोटाने इतका जोर लावावा लागे की गोळी सुटेपर्यंत नळीच हलायची. रेंजवर एक वसंतकाका येत. बँकेत अधिकारी, मराठीच, पण सगळ्यांशी हिंदीत बोलायचे आणि हिंदीत निम्मे शब्द इंग्रजी. त्यांना आम्ही पाठीमागे कॅटलॉगकाका म्हणायचो. त्यांच्याकडे शूटिंगचं सगळं होतं, फक्त निशाणा नव्हता. परदेशी जाकीट, परदेशी हातमोजा, परदेशी तेलाची बाटली, आणि रायफलला वेगळे बसवायचे ट्रिगर तर तीन-तीन. गोळी चुकली की काका ट्रिगर बदलायचे. पुन्हा चुकली की पुन्हा बदलायचे. दोन वर्षांत त्यांनी एवढे ट्रिगर बदलले, पण स्वतःचं बोट तपासून बघावं असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. माणूस दिलदार होता, ते मात्र कबूल करायला हवं. निवड चाचणी जाहीर झाल्यावर त्यांनी रुमालावर तीनही ट्रिगर मांडले आणि मला म्हणाले, "बेटा, जो चाहिए ले ले. मेरी मान तो ये वाला. एकदम लाइट. सोचा और छूटा."

मी ट्रिगर निवडायला बाबांना आणलं. रायफल घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी दुकान बंद केलं आणि वजनांची पेटी स्कूटरच्या पुढ्यात ठेवून रेंजवर आले. ट्रिगर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही, खटका म्हणायचे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तिन्ही खटके बघितले. एक होता एका टप्प्याचा, बोट टेकलं की सुटणारा; काकांचा लाडका तो. दुसरा दोन टप्प्यांचा: आधी थोडं सैल अंतर, मग बोटाला भिंत लागावी तसं अडायचं, तिथे थांबून नेम पक्का करायचा, आणि वर जरासा जोर दिला की सुटायचा. तिसरा सोनेरी रंगाचा होता, आणि एवढीच त्याची पात्रता होती. बाबांनी काकांचा लाडका खटका चार वेळा सोडून बघितला आणि रुमालावर परत ठेवला. "हा खटका नाही, शिंक आहे. कवा येईन सांगता येत नाही." काका हसले. त्यांना वाटलं कौतुक चाललंय. बाबांनी दोन टप्प्यांचा उचलला.

मग चार दुपारी ते शेडच्या टोकाला बसून तो खटका लावत होते. त्याला तीन बारीक स्क्रू होते. एकाने स्प्रिंग आवळायची, म्हणजे सोडायला लागणारा जोर कमी-जास्त व्हायचा. दुसऱ्याने आतले दोन पोलादी ओठ एकमेकांवर किती टेकायचे ते ठरायचं. तिसऱ्याने सुटल्यानंतर बोट कुठे थांबेल ते. बाबा एक स्क्रू सुईभर फिरवायचे, रायफल उभी धरायला मला सांगायचे, खटक्याला आकडी अडकवून तिला छोटं पारडं लावायचे, आणि त्यात एकेक पितळी वजन ठेवत जायचे. पाचशेला धरला. आणखी वीस ठेवले, धरला. आणखी वीस, धरला. आणखी वीस ठेवले की टक्. असं दहादा, वीसदा, प्रत्येक वेळी त्याच वजनाला टक् येईपर्यंत. आमच्या रेंजचा एक नियम होता, कनिष्ठ गटातल्या प्रत्येक रायफलच्या ट्रिगरने पाचशे ग्रॅम वजन न सुटता पेललं पाहिजे. पूर्वी कुणाच्या तरी हलक्या ट्रिगरमुळे गोळी शेडच्या पत्र्यातून गेली होती, तेव्हापासूनचा हा नियम. कॅटलॉगकाका म्हणायचे, दुनिया में कहीं ऐसा रूल नहीं है. बाबांना तो नियम फार आवडला. रायपुरात पहिल्यांदाच त्यांना कुणाचं तरी काहीतरी आवडलेलं मी बघत होते.

"थोडा हलका करा न बाबा," मी म्हणाले. "पाचशे चालते, तर हा साडेपाचशे कायले?"

"बोटाले कळलं पाहिजे का आपण काय करून राहिलो," बाबा म्हणाले. "बोटाले न कळता सुटन, तर त्याले निशाणा नाही म्हणत. अपघात म्हणतेत." आणि त्यांनी पेटीतून लाखेची कांडी काढली, काडी पेटवून ती वितळवली, आणि तिन्ही स्क्रूंवर एकेक ठिपका ठेवला. काट्यांना शिशाचा शिक्का असतो तसा. आता कुणी फिरवलं तर कळलं असतं.

त्याच चार दिवसांत बाबांनी रेंजवरच्या बाकी सगळ्या गोष्टींनाही नावं ठेवून घेतली. सुभेदार साहेब ट्रिगर तपासायला स्प्रिंगचा एक काटा वापरायचे, मासळीवाल्याकडे असतो तसला. बाबांनी तो हातात घेतला, आपलं वजन लावून बघितलं आणि क्लबच्या सेक्रेटरीच्या तोंडावर सांगितलं, "साहब, ये काँटा झूठ बोलता है. साढ़े चार सौ को पाँच सौ बताता है." सेक्रेटरी ओशाळले. मला बाबांचा अभिमान वाटला, आणि ती माहिती मी मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

भोपाळहून आलेल्या एका साहेबांची मुलगी, अदिती, त्याच जागेसाठी चाचणी देणार होती. तिची रायफल तिचा ड्रायव्हर आणायचा, पाणी ड्रायव्हर धरायचा, घाम तेवढा तिला स्वतःला पुसावा लागे. तिने एकदा माझा ट्रिगर दाबून बघितला आणि खो-खो हसली. "दीदी, ये ट्रिगर है कि हैंडपंप? मेरा तो सत्तर ग्राम का है." माझ्या घरात मी हसणाऱ्यांच्या बाजूला वाढले होते. कुणीतरी मला हसतंय ही गोष्ट मला नवीन होती, आणि ती मला अजिबात झेपली नाही. ती सत्तर ग्रॅमवाली रायफल पाचशेच्या नियमात बसणार कशी, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

चाचणीच्या दोन दिवस आधी, दुपारी रेंजवर कुणी नसताना, मी कॅटलॉगकाकांच्या पेटीतली स्क्रू फिरवायची बारीक चावी घेतली, नखाने लाख खरवडली आणि स्प्रिंगचा स्क्रू पाव वळसा सैल केला. मग अजून थोडा. हिशोब सोपा होता: सुभेदारांचा खोटा काटा साडेचारशेला पाचशे म्हणणार, म्हणजे मी सुरक्षित. वीस गोळ्या झाडल्या. खोटं कशाला बोलू, त्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वीस गोळ्या होत्या. मग दप्तरातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि खरवडलेल्या स्क्रूवर एक ठिपका ठेवला. लाख तपकिरी, माझं नेलपॉलिश राणी रंगाचं आणि चकचकीत. लांबून काय कळतंय, असं मला वाटलं. बाबांनी बाजारात पकडलेल्या प्रत्येक माणसाला नेमकं हेच वाटत असणार.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या रायफली क्लबच्या खोलीत जमा करून कुलूप लावलं गेलं. सकाळी आई वडाभाताची डाळ वाटत होती. पोरगी जिंकून येणार म्हणून आधीच बेत. बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, "ते पयलेच गेले. काही सांगितलं नाही. पांढरा बुशशर्ट घालून गेले." बाबांचा पांढरा बुशशर्ट लग्नामुंजीला निघायचा. मी सायकल मारत रेंजवर पोचले तर शेडखाली टेबल मांडलेलं, त्यावर हिरवा कपडा, कपड्यावर ओळखीची लाकडी पेटी उघडून ठेवलेली, आणि मागे बाबा. सुभेदार साहेबांनी कडक आवाजात सांगितलं, "इस बार पुराना काँटा नहीं चलेगा. राज्य की पहली टीम है. लाइसेंसी आदमी से जाँच होगी." बाबा माझ्याकडे बघून किंचित हसले. त्यांना मला चकित करायचं होतं. त्यांनी आयुष्यात कुणाला चकित करायचं ठरवलेलं हे एवढं एकदाच.

मी रायफलींच्या खोलीकडे वळले. खोलीला कुलूप, चावी सेक्रेटरीच्या खिशात. एकेक रायफल बाहेर यायची, रिकामी आहे हे दाखवायची, सुभेदार ती उभी धरायचे, बाबा आकडी अडकवून पाचशेचं पारडं लावायचे आणि हात काढून घ्यायचे. तीनदा पेललं की पास. अदितीची रायफल आली. सत्तर ग्रॅमची रायफल पाचशे पेलून तीनदा मख्खासारखी उभी राहिली. तिच्या वडिलांनी कधीच नियमाप्रमाणे ट्रिगर बसवून घेतला होता, सत्तरची नुसती फुशारकी होती. एका पोरीच्या थापेपायी मी लाख खरवडली होती. बाबा "पास" म्हणाले आणि वहीत खूण केली.

मग माझी. बाबांनी भिंग लावून स्क्रूंवर नजर फिरवली. पहिल्यावर लाख, दुसऱ्यावर लाख, तिसऱ्यावर राणी रंग. ते थांबले. भिंग न काढता मान वर केली. एका डोळ्याला भिंग, आणि दुसरा डोळा माझ्याकडे. त्या डोळ्यात राग असता तर मला कळलं असतं, रागाशी माझी ओळख होती. मग त्यांनी आकडी अडकवली, पारडं लावलं, आणि हात काढून घेतला नाही. पारड्याखाली हात तसाच राहिला, जणू सांभाळताहेत. सुभेदार वर, नळीकडे बघत होते. सेक्रेटरी कुणा पाहुण्याला खुर्ची देत होते. कॅटलॉगकाका अदितीच्या वडिलांना सोनेरी ट्रिगरचे गुण सांगत होते. एक, दोन, तीन. "पास एक बार," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. दुसऱ्यांदा लावलं. आणि मला पारड्याच्या बुडाशी त्यांची करंगळी दिसली.

पुढे मी लोकांना ही गोष्ट सांगताना स्वतःला फार चांगलं दाखवत आले. म्हणायचे, मला खोटं सहन झालं नाही. खरं ते लिहिते. त्या क्षणी मला बाबांची किळस आली. स्वतःची आली नाही, नेलपॉलिश तर मी केव्हाच विसरले होते. मला वाटलं, अरे, हेही त्यांच्यातलेच. गोल बाजारातल्या त्या सगळ्यांतले. आणि ज्या सुरात मी सातव्या वर्षी म्हणायचे, त्याच सुरात, पण कानात नव्हे, मोठ्याने, माझ्या तोंडून गेलं, "बाबा, करंगळी."

आजूबाजूला सगळे हिंदीवाले, आणि मराठी कळणारे एकटे कॅटलॉगकाका सोनेरी ट्रिगरमध्ये गुंतलेले. कुणाला काही कळलं नाही. बाबांनी करंगळी काढली. टक्.

त्यांनी पारडं सोडवलं, वजन पुसून पेटीत ठेवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "फेल." वहीत लिहिलं. त्यांचं अक्षर नेहमीसारखं सरळ होतं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या शत्रूवरही येऊ नये. सगळ्या शेडमध्ये बातमी पसरली की तराजूवाल्याने स्वतःच्या मुलीला नापास केलं. संध्याकाळी निकालाच्या वेळी सेक्रेटरींनी बाबांना पुढे बोलावलं. माइकवर म्हणाले, ऐसे ईमानदार लोग हैं, तभी हमारा नया राज्य आगे जाएगा. अपनी बेटी तक को नहीं छोड़ा. शाल, नारळ. अदितीच्या वडिलांनी उठून हात मिळवला. टाळ्या थांबेनात. बाबा शाल खांद्यावर घेऊन उभे होते, मान खाली, आणि लोकांना वाटत होतं, किती विनम्र. मी कडुनिंबाखाली माठाशेजारी उभी राहून तेही बघितलं. अदिती राज्याचा डगला घालून राष्ट्रीय स्पर्धेला गेली आणि तिथे तिचा नंबर खालून मोजणं सोपं होतं. या गोष्टीने मला काही दिवस आनंद झाला, तोही नोंदवून ठेवते.

माझी सायकल रेंजवरच राहिली, आणि बाबांच्या स्कूटरवर मागे बसून, वजनांची पेटी मांडीवर घेऊन मी घरी आले. दारात आईने विचारलं, बाबा म्हणाले, "फेल झाली." आईने वडाभाताचं पातेलं धाडकन ओट्यावर ठेवलं आणि क्लब, सेक्रेटरी, साहेब, त्यांची पोरगी, अख्खं भोपाळ एका दमात धुऊन काढायला घेतलं. बाबा पाय धूत होते. म्हणाले, "राहू दे न. काहून बोलून राहिली?" आईने बोलणं टाकून ताटं घेतली. इतक्या वर्षांत तिला कुणी अर्ध्यावर थांबवलं नव्हतं. आम्ही तिघांनी वडाभात खाल्ला, वर फोडणीचं तेल घालून. चव उत्तम होती, आणि मला ते अजून समजत नाही की मी दुसऱ्यांदा कसा काय वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक दुकानदार काटा घेऊन आला. बाबांनी पारडं उलटं करून बघितलं, बोटाने काहीतरी खरवडलं, काटा नीट केला आणि दिला. तो पायरी उतरला. मी चहाचा कप घेऊन वाट बघत होते. आई चिला पलटायची थांबून वाट बघत होती. बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. आईने आधी पोटाचं औषध दिलं, मग नागपूरच्या डॉक्टरचं नाव काढलं. "यायले झालं तरी काय? कोणाले शिवी नाही, काही नाही." मला माहीत होतं काय झालंय, आणि मी सांगितलं नाही. त्यांनी मला नेलपॉलिशबद्दल विचारलं नाही, मी त्यांची करंगळीबद्दल क्षमा मागितली नाही. मी अजून दोन महिने रेंजवर गेले. ट्रिगर पुन्हा बाबांच्या वजनावर आणून ठेवला, पण बोट ट्रिगरच्या त्या भिंतीवर टेकलं की मला पारडं दिसायचं. मग कॅटलॉगकाकांना त्यांचा ट्रिगर परत दिला. ते म्हणाले, "मैंने बोला था, वो लाइट वाला लेना था." सगळ्या गोष्टीतून त्यांनी एवढंच काढलं.

त्या घरात पुढे पुष्कळ वर्षं शांतता नांदली. पाहुणे म्हणायचे, किती समाधानी कुटुंब आहे. मला मात्र ती शिव्यांनी भरलेली सकाळ हवी होती. सगळ्या जगाला नावं ठेवणारे बाबा मला परत हवे होते, कारण त्या नावं ठेवण्यामागे एक माणूस होता जो स्वतःला त्या सगळ्यांहून वेगळा समजत होता, आणि तो समज मी एका शब्दात काढून घेतला. शाल आईच्या ट्रंकेत राहिली. ती कुणी कधी पांघरली नाही.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची गोष्ट. मी त्यांना पट्टी काढायला नेलं होतं, परत येताना मुनगा, म्हणजे शेवगा, घ्यायला बाजारात थांबलो. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे, पण कोपऱ्यावर एक म्हातारा अजून हातातल्या तराजूने तोलत होता. त्याने मुनग्याच्या शेंगा पारड्यात ठेवल्या, तराजू उचलला, आणि माझी नजर आपोआप खाली गेली. दिसली. बाबांकडे बघितलं. नवा डोळा, सगळं लख्ख दिसत होतं त्यांना. त्यांनाही दिसली होती. मी त्यांच्या कानाशी वाकले. काय म्हणायचं होतं मला ते आता आठवत नाही, बहुतेक तेच. पण त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि त्या म्हाताऱ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जाऊ दे वैजू. असन त्याची बी एखादी पोट्टी."

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.